म्हैसूरच्या दिव्यामागचा चित्रकार : सा. ल. हळदणकर

म्हैसूरला सहलीला आलेला माणूस मोठा राजवाडा पाहतो, चामुंडी टेकडी चढतो, प्राणिसंग्रहालयात पाय दुखेपर्यंत फिरतो आणि वेळ उरला तर जगमोहन राजवाड्यातल्या चित्रसंग्रहालयात डोकावतो. तिथे शिरल्यावर तो बहुधा एकच प्रश्न विचारतो, ‘ती दिवेवाली बाई कुठे आहे?’ चित्र कुणाचे, हे तो विचारत नाही, कारण ते आपल्याला ठाऊक आहे अशी त्याची खात्री असते. राजा रविवर्मांचे. ‘हातात दिवा घेतलेली स्त्री’ असे इंटरनेटवर शोधून पाहा, रविवर्मांच्या नावाखाली ते चित्र तुम्हाला कितीतरी ठिकाणी सापडेल.

हे टिपण त्या चित्राच्या खऱ्या चित्रकाराविषयी आहे. सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म १८८२ मध्ये सावंतवाडीला झाला आणि मृत्यू १९६८ मध्ये. चित्राचे नाव ‘ग्लो ऑफ होप’. ते जलरंगातले आहे, आणि ही गोष्ट आतापासूनच ध्यानात असू द्या. माझा विषय अभियांत्रिकी आहे, चित्रकला नव्हे, तेव्हा या टिपणात प्रकाशाचे गणित मधूनमधून डोकावेल. चित्र पाहायला त्याने मदतच होते असा माझा अनुभव आहे.

आधी नावाचा घोळ निस्तरू

रविवर्मा १९०६ मध्ये वारले. हळदणकरांच्या चित्रात दिवा धरून उभी आहे ती त्यांची मुलगी गीता. लग्नानंतर त्या गीता उपळेकर झाल्या, कोल्हापुरात राहिल्या आणि २०१८ च्या ऑक्टोबरात वयाच्या १०२ व्या वर्षी वारल्या. वजाबाकी करा. त्यांचा जन्म १९१६ च्या आसपासचा. म्हणजे चित्रातली मुलगी जन्मली तेव्हा रविवर्मांना जाऊन दहा वर्षे झाली होती. वाद मिटवायला शैलीची चर्चा, तज्ज्ञांची साक्ष, रंगांची रासायनिक तपासणी यांतले काहीच लागत नाही. चौथीतली वजाबाकी पुरते.

आता हीच वजाबाकी थोडी पुढे न्या. या चित्राचे साल बहुतेक ठिकाणी १९४५-४६ असे दिलेले असते. त्याच्याच शेजारी एक गोष्टही सांगितली जाते. दिवाळीच्या दिवसांत बारा वर्षांची गीता आईची साडी नेसून दिवा घेऊन उभी राहिली, वडिलांनी ते पाहिले आणि तिला तासन्‌तास तसेच उभे करून चित्र काढले. साल आणि गोष्ट एकाच परिच्छेदात सुखाने नांदताना मी वाचली आहेत. पण १९४५ मध्ये गीताबाई तिशीच्या घरात होत्या, आणि त्या बारा वर्षांच्या असताना साल १९२८ च्या आगेमागे होते. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. प्रयोगशाळेच्या वहीत दोन निरीक्षणे अशी एकमेकांना छेद देऊ लागली तर तुम्ही थांबता आणि मोजमाप पुन्हा तपासता. कलेविषयी लिहिणारे मात्र थांबत नाहीत, दोन्ही आकडे उतरवून घेतात आणि पुढे जातात. कोणताही आकडा धरला तरी रविवर्मा बाद होतात, तेव्हा आपल्या मूळ मुद्द्याला धक्का लागत नाही. पण चित्रकाराच्या आयुष्यात हे चित्र कुठे बसवायचे, या प्रश्नाला लागतो. त्याकडे पुढे येऊ.

गैरसमज इतका चिवट का, हा प्रश्न माझ्या दृष्टीने अधिक रंजक आहे. एक कारण जागेतच आहे. जगमोहन राजवाडा तिसऱ्या कृष्णराज वडियारांच्या काळात, १८६१ मध्ये बांधला गेला. १८९७ मध्ये जुना लाकडी राजवाडा जळाला तेव्हा नवा वाडा उभा राहीपर्यंत राजघराण्याचा मुक्काम इथेच होता. १९१५ पासून इथे चित्रसंग्रह मांडला गेला. म्हैसूर दरबारासाठी रविवर्मांनी पौराणिक चित्रे काढली होती, तीही या संग्रहात आहेत, आणि लोक मुळात ती पाहायलाच येतात. एका दालनात नऊवारीतल्या, पाचवारीतल्या देखण्या स्त्रिया पाहून माणूस पुढच्या दालनात गेला की तिथली देखणी स्त्रीही त्याच हाताची, असे मन परस्पर ठरवून टाकते. भारतीय स्त्री, साडी, दिवा आणि हुबेहूबपणा या चार गोष्टी जुळल्या की आपल्या डोक्यात एकच नाव उमटते. रविवर्मांच्या छापखान्यातून निघालेल्या चित्रांनी घराघरांतल्या भिंतींवर हे नाव इतके पक्के केले की त्याचे आता व्यक्तिनाम राहिलेले नाही, जातिवाचक नाम झाले आहे. वनस्पती तुपाच्या कुठल्याही डब्याला आपण डालडा म्हणायचो, तसे.

तुम्ही अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असाल तर ड्रॉइंगच्या कागदावर खाली उजव्या कोपऱ्यात नावाची चौकट आखली नाही म्हणून गुण गेलेले तुमच्या लक्षात असतील. कुणी आखले, कुणी तपासले, तारीख, प्रमाण. ती चौकट नसेल तर वर्कशॉप तो कागद हातात घेत नाही, कारण यंत्राचा भाग चुकीचा निघाला तर जाब कुणाला विचारायचा? चित्रकलेत जाब विचारायचा प्रश्न सहसा येत नाही. श्रेय द्यायचा प्रश्न मात्र रोज येतो, आणि तिथे आपली चौकट रिकामी असते.

सावंतवाडी ते मुंबई

हळदणकरांचे गाव सावंतवाडी म्हणजे एक छोटे संस्थान. लाकडी खेळणी, लाखकाम आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, यांसाठी ते गाव ओळखले जाते. म्हैसूरच्या वाचकाला इथे ओळखीची खूण पटेल, कारण गंजिफा म्हैसूरचाही आहे, आणि त्याला आश्रय देणारे तिसरे कृष्णराज म्हणजे जगमोहन राजवाडा ज्यांच्या काळात उठला तेच. दोन्ही गावांत राजा, देऊळ आणि रंगारी असे जुने त्रिकूट होते. अशा गावात चित्र काढणाऱ्या मुलाला कुणी वेडा म्हणत नाही, पण त्याला पुढे करायला कुणीतरी लागते. हळदणकरांना शाळेत चित्रकलेसाठी प्रोत्साहन मिळाले, संस्थानाचा हात पाठीवर पडला, आणि ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

जे. जे. मध्ये तेव्हा सेसिल बर्न्स प्राचार्य होते आणि महादेव विश्वनाथ धुरंधर शिकवत होते. शिक्षणाची पद्धत युरोपातल्या कला-अकादमींची. आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखन, मग समोर बसलेल्या माणसावरून, मग छायाप्रकाश, मग रंग. कागदावरची गोष्ट खोलीतल्या गोष्टीसारखी दिसली पाहिजे, हा त्या शिक्षणाचा कणा. पुढच्या पिढ्यांनी या पद्धतीला पुष्कळ नावे ठेवली. साहेबाची नक्कल म्हटले, कॅमेऱ्याशी निष्फळ स्पर्धा म्हटले. त्यात तथ्य आहे. पण एक गोष्ट त्या टीकेत हरवली. कोकणातल्या, देशावरच्या, ज्याच्या घरात कुणी चित्रकार नव्हता अशा मुलाला ही पद्धत क्रमाक्रमाने शिकता येत होती. गुरूच्या कृपेवर किंवा घराण्याच्या गुपितावर ती अवलंबून नव्हती. अभियांत्रिकीचे शिक्षण आपल्याकडे ज्या कारणाने फोफावले, त्याच्याशी हे कारण मिळतेजुळते आहे.

१९०८ मध्ये हळदणकरांनी मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली, हळदणकर फाइन आर्ट इन्स्टिट्यूट. लोकमान्यांना मंडालेला धाडले आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्यासाठी सहा दिवस संप केला, ते हेच वर्ष. वय पंचविशीचे. या वयात चित्रकार सहसा स्वतःच्या नावाची चिंता करतो. हा माणूस वर्ग काढून बसला. त्यांच्या चरित्रात ‘संस्थेची स्थापना’ ही एक ओळ असते आणि ‘ग्लो ऑफ होप’वर चार पाने. मला हे प्रमाण उलटे वाटते. चित्र काढायला काही दिवस लागले असतील. शाळा चालवायला वर्षानुवर्षे रोज सकाळी दार उघडावे लागते.

१९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत हळदणकर होते, पुढे ते तिचे अध्यक्षही झाले. मुंबईत त्याआधीपासून, १८८८ पासून, बॉम्बे आर्ट सोसायटी होती. तिच्यावर दीर्घकाळ गोऱ्या अधिकाऱ्यांचा आणि हौशी मडमांचा पगडा होता. भारतीय चित्रकारांनी आपली वेगळी सोसायटी काढणे ही त्या काळातली लहानशी पण ठाम कृती होती. मोर्चा नाही, घोषणा नाहीत, फक्त आपले प्रदर्शन आपण भरवू. गंमत म्हणजे हळदणकरांनी जुन्या सोसायटीशीही फारकत घेतली नाही. १९२५ मध्ये तिथलेच सुवर्णपदक त्यांना ‘मोहमेडन पिलग्रिम’ या चित्रासाठी मिळाले.

आता एक तुलना, आणि ती मुद्दाम म्हैसूरची. के. वेंकटप्पा हे म्हैसूर दरबारचे चित्रकार १८८६ चे, म्हणजे हळदणकरांच्या बरोबरीचे. त्यांच्या नावाचे संग्रहालय बंगळुरूला आहे. वेंकटप्पा कलकत्त्याला अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकले. तिथे जलरंग म्हणजे धूसर, पाण्याने पुन्हापुन्हा धुतलेला, कडा विरघळलेला रंग. पाश्चात्य हुबेहूबपणा नको, भारतीय मन हवे, असे तिथले म्हणणे. मुंबईत मात्र जलरंगाकडून ताजेपणा आणि अचूकता अपेक्षित होती. कोल्हापूरचे आबालाल रहिमान, मुंबईचे त्रिंदाद यांच्यापासून ही परंपरा येते. एकाच वयाचे दोघे, दोघांच्याही हातात कागद, पाणी आणि रंग, आणि हेतू मात्र दोन टोकांचे. वेंकटप्पांची उटीची निसर्गचित्रे पाहिलीत तर आणखी एक चकवा लक्षात येईल. कलकत्त्याचे धुके तिथे बरेच ओसरलेले आहे आणि हा माणूस डोंगरउतारावरचा प्रकाश मुंबईकराच्या शिस्तीने निरखतो आहे. शाळांची नावे पुस्तकात सोयीची असतात. कागदासमोर बसलेला चित्रकार त्यांच्याशी फार प्रामाणिक राहत नाही.

चित्रात काय आहे

एक तरुण स्त्री उभी आहे. अंगावर फिकट जांभळट साडी. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीला. भोवती अंधार. दिव्याचा उजेड चेहऱ्यावर खालून पडला आहे आणि आडोशाच्या बोटांतून लालसर होऊन झिरपतो आहे. बस्स, एवढेच. ना देव्हारा, ना तुळशीवृंदावन, ना दुसरे माणूस. कथा नाही, म्हणून चुकायलाही जागा कमी, असे तुम्हाला वाटेल. वस्तुस्थिती उलटी आहे. कथा नसल्यामुळे सगळा भार एकट्या प्रकाशावर येतो.

हा भार किती, ते आकड्यांत पाहू. अंधाऱ्या खोलीत दिव्याची ज्योत आणि कोपऱ्यातला काळोख यांच्या तेजस्वितेत हजारो पटींचा फरक असतो. कागदाचे काय? उत्तम पांढरा कागद त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला साधारण ऐंशी-नव्वद टक्के परत पाठवतो. जलरंगातला दाटात दाट काळा चार-पाच टक्के तरी पाठवतोच. म्हणजे चित्रकाराच्या हातात फरक उरला जेमतेम वीस पटींचा. हजारो पायऱ्यांचा जिना वीस पायऱ्यांत बसवायचा आहे, आणि पाहणाऱ्याला तो तेवढाच उंच वाटला पाहिजे.

तैलरंगात यावर एक तोडगा असतो. गडद पार्श्वभूमीवर शेवटी पांढऱ्या रंगाचा जाड थर चढवायचा की ज्योत चमकते. पारदर्शक जलरंगात ही सोय नाही. तिथे पांढरा म्हणजे कागद. प्रकाश रंगाच्या पातळ थरातून आत जातो, कागदावर आपटतो आणि त्याच थरातून परत येतो. थर वाढले की अंधार वाढतो. उजेड नंतर आणता येत नाही, तो सुरुवातीपासून राखून ठेवावा लागतो. चेहऱ्यावरची सर्वांत उजळ जागा कुठे असणार हे पहिला कुंचला टेकवण्याआधी ठरलेले असावे लागते, आणि भोवतीचा सगळा अंधार त्या जागेला न शिवता, थरावर थर देत, डाग न पडू देता उभा करावा लागतो. मोठ्या आकाराच्या कागदावर एकसारखा गडद रंग पसरवणे किती कठीण असते ते ज्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या आहेत त्यांना विचारा. रंग वाळता वाळता त्याच्या कडा उमटतात आणि त्या काही केल्या जात नाहीत. हळदणकरांनी हे चित्र तेलात न करता पाण्यात केले ते जलरंगातही हे साधते हे दाखवण्यासाठीच, असे सांगतात. मला ते पटते. एवढी अडचण कुणी चुकून ओढवून घेत नाही.

पण या चित्रातली खरी हुशारी रंगात नाही, मांडणीत आहे. आडोशाची बोटे लाल दिसतात, याचा अर्थ ती ज्योत आणि आपण यांच्या मध्ये आहेत. म्हणजे खोलीतली सर्वांत तेजस्वी वस्तू, जी कागदावर रंगवणे अशक्य, तिचा प्रखर भाग चित्रकाराने हाताआड घातला आहे. हजारांचा आकडा गाळला की वीस पायऱ्यांत उरलेला हिशोब बसू लागतो. आणि हे केले ते अगदी घरगुती हालचालीतून. वाऱ्यापासून दिवा जपायला आपल्या आया-आज्या हात तसाच धरतात. प्रश्न तांत्रिक आणि उत्तर स्वयंपाकघरातले.

बोटांचा लाल रंगही नुसती सजावट नाही. रक्तातले हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषते, लाल त्या मानाने निसटतो. दवाखान्यात बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजतात तो याच गुणधर्मावर, लाल आणि अवरक्त किरण बोटातून आरपार धाडून. दिव्याची ज्योत मुळातच तांबूस पिवळी, तिचे तापमान अठराशे-एकोणीसशे केल्विनच्या घरात, त्यात निळा अंश आधीच थोडा. तो प्रकाश मांसातून आला की उरतो शेंदरी लाल. हळदणकरांना हिमोग्लोबिनचा आलेख ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यांनी पाहिले आणि तसे रंगवले.

एका ठिकाणी मात्र त्यांनी निसर्गाचा नियम वाकवला आहे. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. आडोशाचा हात ज्योतीपासून वीतभर, म्हणजे वीस सेंटिमीटर धरा. चेहरा चाळीस सेंटिमीटर धरला तर तिथे हाताच्या मानाने पाव उजेड. पावलांजवळची साडी एकशेवीस सेंटिमीटर धरली तर तिथे छत्तिसावा हिस्सा. नियम तंतोतंत पाळला असता तर वीस पायऱ्यांच्या जिन्यात निऱ्यांचा खालचा भाग काळोखात बुडाला असता. चित्रात साडीचा घोळ वाचता येतो. आपला डोळा अंधाराला सरावतो आणि उजेडातला फरक लघुगणकाच्या चालीने जाणतो, म्हणून आपल्याला यात खोटे काही जाणवत नाही. मी याला लबाडी म्हणणार नाही. मोजमापाला खरे आणि डोळ्याला खरे यांत निवड करायची वेळ आली तेव्हा चित्रकाराने डोळ्याची बाजू घेतली.

हाच खेळ तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या जॉर्ज द ला तूर या चित्रकाराने केला होता. लूव्ह्रमध्ये त्याचे सुतार जोसेफचे चित्र आहे, त्यात बाळ येशूच्या बोटांतून मेणबत्तीचा उजेड असाच झिरपतो. रेन या गावातल्या संग्रहालयात त्याचे नवजात बालकाचे चित्र आहे, तिथे एका स्त्रीने उगारलेल्या हाताआड ज्योत लपलेली आहे. ला तूरचे नाव मृत्यूनंतर विसरले गेले आणि त्याची चित्रे इतरांच्या नावावर जमा झाली. रेनचे हे चित्र ल नँ या नावाखाली टांगलेले होते. १९१५ मध्ये हेर्मान फॉस या जर्मन अभ्यासकाने ते ला तूरचे असल्याचे दाखवले आणि एक बुडालेला चित्रकार वर आला. म्हैसूरचे चित्रसंग्रहालयही १९१५ चेच. हा निव्वळ योगायोग, पण लिहिल्यावाचून राहवले नाही.

चित्र कुठे कमी पडते

ला तूरशेजारी ठेवले की हळदणकरांच्या चित्राची मर्यादाही दिसते. ला तूरचा उजेड काहीतरी उघड करतो. म्हातारा सुतार, पोर, त्यांच्यामधले न बोललेले काही. हळदणकरांचा उजेड स्वतःलाच दाखवतो. चेहरा रेखीव आहे, शांत आहे, पण तो विशिष्ट माणसाचा चेहरा आहे का? ही मुलगी हट्टी की भित्री, उभे राहून तिचे हात भरून आले होते की नाही, याची खूण चित्रात मिळत नाही. स्वतःच्या मुलीला समोर उभे करून बापाने तिच्यातून ‘भारतीय स्त्री’ घडवली आणि मुलगी बाजूला पडली. चित्राचे नाव या घसरणीला हातभार लावते. आशेचा किरण वगैरे शब्द कॅलेंडरला शोभतात. चित्राला ‘गीता’ असे साधे नाव असते तर आपण ते वेगळ्या नजरेने पाहिले असते, आणि मघाची वजाबाकीही करावी लागली नसती.

म्हणून मला वाटते की हळदणकरांना तोलायचे तर त्यांच्या व्यक्तिचित्रांपासून सुरुवात करावी. १९२५ चे पदक यात्रेकरूच्या चित्राला मिळाले, ही गोष्ट बोलकी आहे. तिथे समोर बसलेला माणूसच विषय असतो. त्या काळच्या मुंबईतल्या परीक्षकांनी या चित्रकाराचे बळ कशात पाहिले, ते त्यातून कळते. नंतरच्या प्रेक्षकाने दुसरीकडेच पाहिले.

आता सालाच्या घोळाकडे पुन्हा. हे चित्र १९२८ च्या सुमाराचे असेल तर ते पदक मिळालेल्या, ऐन भरातल्या चित्रकाराचे चित्र आहे, आपल्या पंथाच्या चढत्या काळातले. १९४५-४६ चे असेल तर गोष्ट फार वेगळी होते. १९४५ मध्ये जे. जे. मधून फ्रान्सिस न्यूटन सूझा या विद्यार्थ्याला काढून टाकले होते. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला आणि हुबेहूब रंगवण्याचे युग संपल्याचे जाहीर केले. त्या वर्षांत साठी ओलांडलेला एक चित्रकार दिव्याची ज्योत हाताआड लपवत, कागद राखत, थरावर थर चढवत बसला असेल, तर ते चित्र म्हणजे हरत आलेल्या बाजूची पूर्ण ताकदीची खेळी ठरते. एका आकड्याने चित्राचा अर्थ असा फिरतो. संग्रहालयाच्या पाटीवरचा तपशील ही कारकुनी बाब नसते, ती यासाठी.

प्रोग्रेसिव्हांनी मुंबई स्कूलला इतिहासातून बाहेर काढले, असे मराठीत अनेकदा तक्रारीच्या सुरात लिहिले जाते. अर्धीच तक्रार रास्त आहे. तरुणांनी बापाच्या पिढीशी भांडायचेच असते, रझांनी काही बिघडवले नाही. आपल्याकडच्या लिहिणाऱ्यांनी मात्र हळदणकरांची चित्रे कुठे आहेत, कोणत्या सालची आहेत, किती मोठी आहेत, याच्या नीट याद्या केल्या नाहीत. शिष्यांनी गुरूच्या आठवणी लिहिल्या, आणि त्यांत आदर भरपूर, तारखा कमी. परिणाम समोर आहे. चित्र जगप्रसिद्ध, चित्रकार निनावी, आणि रिकाम्या जागेत शेजारच्या दालनातले मोठे नाव येऊन बसलेले.

पाहायला जाल तेव्हा

हे चित्र तुम्ही बहुधा आधी मोबाइलवर पाहिले असेल. तिथे त्याची निम्मी करामत नाहीशी होते. पडदा स्वतःच प्रकाश बाहेर टाकतो, मग दिवा उजळ दिसला तर नवल काय? कागद उजेड निर्माण करत नाही, परत पाठवतो. ते चित्र कागदावर आहे हे लक्षात ठेवून समोर उभे राहिलात तरच त्याचे अवघडपण कळते. अंधार करून चित्रावर तेवढा उजेड पाडला की ते अधिक झळकते आणि लोक खूश होतात, पण त्यात चित्रकाराचे किती आणि दिव्याच्या बटणाचे किती हे कळेनासे होते. शक्य असेल तर बाजूला सरकून, साध्या उजेडात त्याचे गडद भाग निरखा. चेहऱ्याकडे सगळेच पाहतात. अंधार डाग न पडता कसा पसरला आहे, कागद राखलेल्या जागेच्या कडा कुठे सैल सोडल्या आहेत आणि कुठे घट्ट धरल्या आहेत, तिथे हळदणकर भेटतील.

आणि म्हैसूरला येणे जमत नसेल तर घरी एक प्रयोग करा. खोलीतले दिवे घालवा, पणती लावा, मित्राला किंवा बहिणीला हाताचा आडोसा धरून उभे करा. आधी मोबाइलने फोटो काढा. ज्योत पांढरी फटक आणि साडी काळी, किंवा साडी नीट आणि बोटांची जागा जळालेली, असे काहीतरी येईल. मग एक कागद घ्या आणि एकच रंग, विटकरी चालेल. पांढरा रंग घ्यायचा नाही. बोटांसाठी जागा राखा आणि भोवतीचा अंधार पाण्यातून चढवत न्या. तिसऱ्या थराला कुठेतरी डाग पडेल. तो पुसू नका, त्याच कागदाच्या मागे आजची तारीख आणि समोर उभे राहिलेल्याचे नाव लिहून ठेवा.